डॉ. बोरलॉग यांचा संसार

थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचतो, तेव्हा त्यांचे पराक्रम, त्यांच्या पदव्या आणि त्यांचे मानसन्मान यांची यादी आपल्या हाती येते. परंतु त्यांच्या घराचा उंबरठा ओलांडून आत पाहण्याची संधी क्वचितच मिळते. चूल कोणी पेटविली, आजारी मुलाच्या उशाशी रात्री कोण बसले, घरधनी परगावी असता दाणागोटा कोणी सांभाळला, हे प्रश्न चरित्रकारास गौण वाटतात. शेतकऱ्यास मात्र ते गौण वाटत नाहीत. शेतीचा धंदाच असा आहे की, त्यात शेत आणि घर यांच्यामध्ये भिंत नाही. बांधावरील चुकीचे फळ चुलीपाशी भोगावे लागते, आणि चुलीपाशी झालेल्या भांडणापायी बांध फुटतो. यासाठी वाचक बंधुभगिनींपुढे एका जगद्विख्यात गहू-संशोधकाचे चरित्र ठेविताना ते पती, पिता आणि आजोबा या तीन नात्यांनी सांगावे, असे योजिले आहे.

हे गृहस्थ म्हणजे डॉ. नॉर्मन बोरलॉग. त्यांस निवर्तून आता एक तपाहून अधिक काळ लोटला. आपल्या देशात ज्यांनी १९६५ व १९६६ या सालांची लागोपाठची अवर्षणे पाहिली, रेशनच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभे राहिले आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, त्या पिढीतील वडील माणसे अजून गावोगाव आहेत. त्या पिढीच्या ताटात पुढे जी पोळी आली, तिच्या पीठात या गृहस्थांच्या घामाचा अंश होता. अशा पुरुषाचे घर कसे होते, हे जाणून घेणे आपणांस खचित उपयोगाचे होईल.

आजोबांचे घर

अमेरिकेत आयोवा नावाचे एक शेतकीप्रधान राज्य आहे. त्याच्या ईशान्य भागात क्रेस्को या गावाजवळ, आपल्या आजोबांच्या शेतावरील घरात नॉर्मन यांचा जन्म २५ मार्च १९१४ रोजी झाला. घराणे मूळचे नॉर्वे देशाचे. पणजोबा व पणजी १८५४ साली तो देश सोडून अमेरिकेत आले होते. वडिलांचे नाव हेन्री आणि आईचे क्लारा. वयाच्या सातव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत नॉर्मन १०६ एकरांच्या घरच्या शेतावर राबले. मका, ओट आणि वैरणीचे गवत ही पिके, त्यांच्या जोडीस गुरे, डुकरे व कोंबड्या, असा त्या घरचा व्याप होता. मुलाने पहाटे उठून गुरांकडे पाहावे, मग शाळेस जावे आणि परत येऊन पुन्हा कामास लागावे, हा त्या मुलखातील शेतकरी घरांचा रिवाज आपल्याकडील रिवाजाहून निराळा नव्हता. शाळाही एकशिक्षकी, एका खोलीची. आठवी इयत्तेपर्यंतचे शिक्षण तेथेच झाले.

आठवीनंतर पुढे काय, हा प्रश्न तेथेही पडे. शेतावर कामाला दोन हात कमी होणे म्हणजे काय, हे कुणब्याच्या घरी सांगावे लागत नाही. पुष्कळ मुलांची शाळा तेथेच संपत असे. परंतु नॉर्मन यांचे आजोबा नेल्स यांचे मत निराळे होते. या वृद्धास स्वतःला शाळेत जावयास फारच थोडी वर्षे मिळाली होती, आणि म्हणूनच की काय, विद्येची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती. पुढे पोट भरावयाचे असेल तर आता डोके भर, अशा अर्थाचा उपदेश ते नातवास करीत. हा उपदेश नॉर्मन यांनी जन्मभर स्मरणात ठेविला आणि मोठमोठ्या सभांतून सांगितला. नात्यातील एक बहीण त्याच शाळेत शिक्षिका होती. या मुलास हायस्कुलात पाठविलेच पाहिजे, असा आग्रह तिनेही धरला. येणेप्रमाणे घरातील एक म्हातारा आणि नात्यातील एक शिकलेली मुलगी, या दोघांच्या आग्रहाने जगाला एक संशोधक मिळाला.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. आजोबांनी नातवास जमीन दिली असती, तर ती पुढे वाटणीत आली असती. त्यांनी नातवास अशी वस्तू दिली की, तिची मोजणी होत नाही आणि तिच्यात हिस्से पडत नाहीत.

विवाह

१९३३ साल हे अमेरिकेत मोठ्या मंदीचे होते. धान्यास भाव नाही, कारखान्यांस कुलपे आणि रस्त्यांवर भुकेलेली माणसे, असा तो काळ. त्या साली नॉर्मन मिनेसोटा विद्यापीठात गेले. प्रवेशपरीक्षेत ते प्रथम उतरले नाहीत. तेव्हा नव्यानेच निघालेल्या एका दुय्यम विभागातून त्यांना वर यावे लागले. हातात पैसा नव्हता. दोन वेळच्या जेवणासाठी त्यांनी एका उपाहारगृहात वाढप्याचे काम धरिले. तेथेच मार्गारेट गिब्सन नावाची विद्यार्थिनी तेच काम करीत होती. दोघांची ओळख अशी, दुसऱ्यांची ताटे उचलता उचलता झाली. १९३७ साली त्यांचा विवाह झाला.

नॉर्मन यांचे पहिले शिक्षण वनविद्येचे. जंगलखात्यात नोकरी मिळेल, या भरवशावर संसार मांडला. परंतु खात्याजवळ पैसा नसल्यामुळे ती नोकरी लांबणीवर पडली. नवा संसार आणि हाताला काम नाही, हा प्रसंग ज्यांवर आला असेल त्यांना त्याची कडवट चव माहीत आहे. या वेळी मार्गारेटबाईंनी धीर दिला. नवऱ्याने पुढे शिकावे आणि घर आपल्या नोकरीवर चालवावे, असे ठरले. त्याच सुमारास विद्यापीठात डॉ. स्टॅकमन या प्रसिद्ध वनस्पतिरोगशास्त्रज्ञांचे तांबेरा रोगावर व्याख्यान झाले. गव्हाचे उभे पीक काही दिवसांत निकामी करून टाकणाऱ्या या बुरशीची हकीकत ऐकून नॉर्मन यांचे मन त्या विषयाकडे ओढले गेले. त्यांनी स्टॅकमन यांच्या हाताखाली अभ्यास केला आणि १९४२ साली डॉक्टर ही पदवी मिळविली. या पदवीच्या कागदावर एकाच माणसाचे नाव आहे, हे खरे. परंतु तिची फी दोघांनी भरली होती.

दुप्पट पगार आणि एक पाळणा

पदवीनंतर डॉ. बोरलॉग ड्यूपाँ या मोठ्या रसायन कंपनीत लागले. ते महायुद्धाचे दिवस होते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात न सुटणारा डिंक तयार करणे, यासारखी युद्धोपयोगी कामे त्यांच्याकडे होती. १९४३ साली त्यांना पहिली कन्या झाली. तिचे नाव नॉर्मा जीन. पगार बरा, घर बरे, कामास मान. अशा वेळी मेक्सिको देशातून बोलावणे आले. तेथील सरकार आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून धान्योत्पादन वाढविण्याचे एक काम काढिले होते. मेक्सिकोस त्या काळी आपल्या गरजेपैकी पुष्कळसा गहू बाहेरून आणावा लागे, आणि तांबेऱ्याने तेथील शेतकरी जेरीस आले होते.

कंपनीने पगार दुप्पट करू म्हणून सांगितले. तरीही १९४४ साली डॉ. बोरलॉग मेक्सिकोस निघून गेले. मागे घरात सव्वा वर्षाच्या आतली मुलगी होती आणि पत्नी गरोदर होती. पुढे मुलगा झाला. त्याचे नाव स्कॉट. परंतु त्या बालकाच्या पाठीच्या कण्यात जन्मतःच असे व्यंग होते की, त्यावर त्या काळी उपाय नव्हता. ते मूल फार काळ जगले नाही.

या घटनेविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. ज्या घरातून पाळणा असा रिकामा झाला आहे, त्या घरास शब्दांची जरूर नसते. एवढेच सांगावयाचे की, मार्गारेटबाईंनी या दुःखानंतर नवऱ्यास माघारी बोलाविले नाही. त्या मुलीस घेऊन स्वतःच मेक्सिकोस गेल्या आणि परक्या देशात, परक्या भाषेत त्यांनी घर उभे केले. १९४७ साली विल्यम हा मुलगा झाला. पुढील पुष्कळ वर्षे त्यांचे बिऱ्हाड मेक्सिको शहरात होते.

एका वर्षात दोन पिके

आता डॉ. बोरलॉग यांच्या कामाची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. कारण त्यांच्या घराची घडी या रीतीनेच ठरविली.

गव्हाचे नवे वाण तयार करावयाचे म्हणजे दोन जातींचा संकर करावा, त्याचे बी पेरावे, चांगली ताटे निवडावी, त्यांचे बी पुन्हा पेरावे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालवावे लागते. वर्षास एक पीक धरले तर या कामास दहा-बारा वर्षे लागतात. डॉ. बोरलॉग यांनी विचार केला की, मेक्सिकोत उंच डोंगरपठार आहे आणि उत्तरेस समुद्रसपाटीजवळचे उष्ण याकी खोरेही आहे. हिवाळ्यात एक पीक खोऱ्यात घ्यावे, ते एप्रिल-मेमध्ये काढून लगेच तेच बी पठारावर न्यावे आणि पावसाळ्यात दुसरे पीक घ्यावे. म्हणजे काम निम्म्या काळात होईल. या दोन ठिकाणांमध्ये सुमारे ७०० मैलांचे अंतर आणि उंचीत सुमारे ८,५०० फुटांचा फरक आहे. त्या काळच्या शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की, बियाण्यास पेरणीपूर्वी विश्रांती पाहिजे आणि ज्या मुलखासाठी वाण करावयाचे, तेथेच ते वाढविले पाहिजे. वरिष्ठांनीही या कल्पनेस विरोध केला. डॉ. बोरलॉग यांनी राजीनामा पुढे ठेविला. तेव्हा कोठे परवानगी मिळाली.

याचा परिणाम अपेक्षेपेक्षाही मोठा झाला. वेळ तर वाचलाच. शिवाय जी ताटे दोन्ही ठिकाणी तगली, ती अशी निपजली की, दिवस लहान असो वा मोठा, त्यांना त्याची पर्वा नव्हती. म्हणूनच मेक्सिकोत निपजलेला गहू पुढे पंजाबात आणि तुर्कस्तानातही पिकू शकला. नंतर जपानातील ‘नोरिन १०’ या बुटक्या जातीचा गुण अमेरिकेतील डॉ. व्होगेल यांच्यामार्फत त्यांच्या हाती आला. उंच गव्हास खत अधिक घातले की, तो कणसाच्या भाराने लोळतो, हे आपण जाणतोच. बुटका गहू लोळत नाही. त्यास घातलेले खत दाण्यात उतरते. १९५६ साली मेक्सिको देश गव्हाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला आणि १९६३ सालचे तेथील पीक १९४४ सालच्या सहापट होते.

हे वाचावयास गोड वाटते. परंतु यासाठी त्या गृहस्थास काय करावे लागले, तेही पाहावे. याकी खोऱ्यातील संशोधनकेंद्र मोडकळीस आलेले होते. राहावयास नीट जागा नाही, वीज नाही, अवजारे नाहीत. बैलही नाही, तेव्हा त्यांनी नांगराचा पट्टा स्वतःच्या खांद्यास लावून जमीन ओढली, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेविले आहे. पुढे एका शेजारी शेतकऱ्याने दया येऊन आपला ट्रॅक्टर दिला. दरवर्षी हिवाळ्याचे कित्येक महिने त्यांचा मुक्काम असा घरापासून शेकडो मैल दूर असे. तेवढे दिवस घर, मुले, शाळा, दुखणी-बाणी, पाहुणे आणि हिशेब हे सर्व मार्गारेटबाईंच्या एकटीच्या अंगावर पडे.

पिता

तथापि घरी असताना डॉ. बोरलॉग हे नावापुरते पिता नव्हते. मुलगा खेळण्याच्या वयाचा झाला, तेव्हा मेक्सिको शहरात लहान मुलांसाठी बेसबॉल या अमेरिकन खेळाचे संघ उभे करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि स्वतः मैदानात उभे राहून मुलांस खेळ शिकविला. ते स्वतः विद्यार्थिदशेत कुस्तीगीर होते. नेट लावणे, पडल्यावर उठणे आणि पंचाचा निर्णय मान्य करणे या गोष्टी पुस्तकापेक्षा आखाड्यात चांगल्या शिकता येतात, हे ते जाणून होते. दिवसभर उन्हात ताटे मोजून आलेल्या माणसाने सुटीच्या दिवशी दुसऱ्यांच्या पोरांस चेंडू कसा झेलावा, हे शिकवीत बसावे, यात त्यांचा स्वभाव दिसून येतो.

कन्या जीनी यांनी पुढे वडिलांचे काम आपले मानिले. १९९९ साली युगांडा देशात तांबेऱ्याची एक नवी, अतिशय घातक जात आढळली. तीस ‘युजी ९९’ असे म्हणतात. नव्वदीच्या घरात आलेल्या डॉ. बोरलॉग यांनी २००५ सालापासून जगास तिच्याविषयी सावध करण्यास आरंभ केला, आणि त्यातून जो आंतरराष्ट्रीय उपक्रम उभा राहिला, त्याचे अध्यक्षपद जीनी बोरलॉग लाउबे यांनी सांभाळले. गव्हाच्या संशोधनात पडलेल्या तरुण स्त्रियांसाठी २०१० सालापासून त्यांच्या नावे पारितोषिकही दिले जाऊ लागले. तांबेऱ्याचे नाव आपणांसही परके नाही. महाबळेश्वर येथे गव्हाच्या तांबेऱ्यावर संशोधन करणारे केंद्र आहे आणि नाशिक जिल्ह्यात निफाड येथे गव्हाची वाणे निपजविली जातात. त्या केंद्रांतील माणसे ज्या शत्रूशी लढतात, त्याच शत्रूशी हे घराणे दोन पिढ्या लढले.

भारतावरील ऋण

१९६३ साली डॉ. बोरलॉग आपल्या देशात आले आणि त्यांनी येथील गव्हाची शेते पाहिली. डॉ. स्वामीनाथन व त्यांचे सहकारी यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. १९६५ साली ‘लेर्मा रोहो’ व ‘सोनोरा ६४’ या बुटक्या जातींचे बी येथे आले, आणि १९६६ साली आपल्या सरकारने एकदम १८,००० टन बियाणे मागविले. इतके बी एका खेपेस विकत घेतल्याचे तोवरच्या इतिहासात उदाहरण नव्हते. १९६५ साली सुमारे सव्वा कोटी टन असलेले देशाचे गव्हाचे उत्पादन १९७० साली दोन कोटी टनांवर गेले.

यात श्रेय एकट्याचे नाही, हे स्पष्ट सांगणे अवश्य आहे. मेक्सिकोच्या गव्हाचा दाणा लाल. आपल्या लोकांस पिवळसर, टपोरा दाणा आवडणारा. तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी त्यातून ‘कल्याण सोना’ व ‘सोनालिका’ ही वाणे निवडून काढिली आणि शेतकऱ्यांनी ती विश्वासाने पेरिली. तसेच या नव्या शेतीस दुसरी बाजूही आहे. पंजाबात विहिरींचे पाणी खोल गेले, खतांचा खर्च वाढला आणि कित्येक जुनी वाणे नाहीशी झाली. हे आक्षेप खरे आहेत आणि ते दृष्टीआड करणे योग्य नव्हे. परंतु ज्याच्या घरात मडके रिकामे आहे, त्याच्यापुढे प्रथम भाकरी ठेवावी आणि मग शास्त्रार्थ करावा, हा क्रम माणुसकीस धरून आहे. डॉ. बोरलॉग यांनीही नोबेल पारितोषिकाच्या वेळच्या भाषणात हे यश कायमचे नसून तात्पुरते आहे, आणि माणसास फक्त थोडी उसंत मिळाली आहे, असेच बजाविले होते.

बांधावर आलेली बातमी

१९७० सालच्या ऑक्टोबर महिन्यात एके दिवशी पहाटे मेक्सिको शहरातील त्यांच्या घरी दूरध्वनी वाजला. घरधनी नेहमीप्रमाणे आधीच तोलुका खोऱ्यातील शेतांकडे निघून गेले होते. नॉर्वेहून आलेली बातमी मार्गारेटबाईंनी घेतली. त्या वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांच्या पतीस मिळाले होते. बाई मोटारीने सुमारे चाळीस मैल गेल्या, शेतात उतरल्या आणि त्यांनी ही बातमी नवऱ्यास सांगितली. त्यांचा प्रथम विश्वासच बसला नाही. कोणी थट्टा केली असावी, असे त्यांना वाटले. ज्या देशातून १८५४ साली पणजोबा बाहेर पडले होते, त्याच नॉर्वे देशात डिसेंबर महिन्यात पणतूचा हा गौरव झाला.

या प्रसंगाकडे लोक डॉ. बोरलॉग यांच्या कार्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. ती पहाट अशी हजारांतील एक होती. घरधनी अंधारात निघून गेले आहेत आणि घरी जे काही येईल, ते चांगले असो की वाईट, बाईने एकटीने झेलावे, हा त्या घरचा तेहेतीस वर्षांचा शिरस्ता होता. त्या दिवशी चांगले आले, एवढाच फरक.

उत्तरायुष्य

१९७९ साली डॉ. बोरलॉग मेक्सिकोतील कामातून रीतीप्रमाणे निवृत्त झाले; परंतु निवृत्ती हा शब्द त्यांस मानवला नाही. १९८४ सालापासून ते टेक्सास येथील कृषि विद्यापीठात शिकवू लागले. आफ्रिकेतील दुष्काळ पाहून जपानचे सासाकावा नावाचे गृहस्थ त्यांच्याकडे आले, तेव्हा बोरलॉग यांनी आपले वय एकाहत्तर असल्याचे सांगितले. मी आपल्याहून पंधरा वर्षांनी वडील आहे, तेव्हा उशीर नको, अशा अर्थाचे उत्तर त्या वृद्धाने दिले, आणि १९८६ साली आफ्रिकेतील काम सुरू झाले. २००६ साली भारत सरकारने डॉ. बोरलॉग यांस पद्मविभूषण हा किताब दिला.

८ मार्च २००७ रोजी मार्गारेटबाई वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तल्या. विवाहास ६९ वर्षे झाली होती. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेच्या प्रतिनिधिसभांनी डॉ. बोरलॉग यांस आपले सर्वोच्च सुवर्णपदक दिले. परंतु ते घरी आणून दाखविण्यास पत्नी उरली नव्हती. पुढे दोन वर्षांनी, १२ सप्टेंबर २००९ रोजी, डॅलस शहरी तेही गेले. वय ९५ वर्षांचे होते. मागे एक कन्या, एक पुत्र, पाच नातवंडे व पतवंडे होती. त्यांची नात ज्यूली बोरलॉग यांनीही शेतकीच्या प्रचाराचेच कार्य पुढे घेतले. मृत्यूपूर्वी कोणी एका नव्या शोधाची गोष्ट त्यांना सांगितली, तेव्हा ‘ते शेतकऱ्यापर्यंत न्या,’ असे ते म्हणाले, आणि तेच त्यांचे अखेरचे शब्द ठरले, असे सांगतात. नेल्स आजोबांनी एका नातवास जे दिले, ते असे चौथ्या-पाचव्या पिढीपर्यंत पोहोचले.

एक प्रश्न

आता वाचकांपैकी कोणी विचारील की, वर्षातील कित्येक महिने घराबाहेर काढणाऱ्या या पुरुषास एकनिष्ठ पती व प्रेमळ पिता कसे म्हणावे? प्रश्न रास्त आहे आणि त्यास बगल देऊ नये. आपल्याकडेही ऊसतोडणीस जाणारे, मुंबईस गोदीत वा गिरणीत राहिलेले, सैन्यात गेलेले असे असंख्य घरधनी होऊन गेले व आजही आहेत. त्यांपैकी कोणी घर विसरले, कोणी मरेपर्यंत विसरले नाहीत. दूर असणे आणि विसरणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्याने दुप्पट पगार सोडिला, परंतु पत्नीचा हात साठ-सत्तर वर्षे सोडिला नाही. जो नावलौकिकाच्या शिखरावर असतानाही मुलांच्या खेळात रमला. ज्याने आजोबांचा शब्द आपल्या नातवंडांपर्यंत पोहोचविला, त्यास एकनिष्ठ म्हणण्यास हरकत नाही.

परंतु हेही तितकेच खरे की, या एकनिष्ठेची किंमत अधिक कोणी मोजली, याचा विचार केला तर तराजूचे पारडे मार्गारेटबाईंकडे झुकते. पुरुषाच्या कामास पारितोषिक असते, पुतळा असतो. बाईच्या कामास फक्त साक्षीदार असतात, आणि तेही घरातलेच. म्हणून डॉ. बोरलॉग यांचे स्मरण करावयाचे तर ते जोडीने करावे. एकट्याचे स्मरण अपुरे आहे.

आपण काय घ्यावे

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यातील कारकुनाची. हयात दप्तर सांभाळण्यात गेली. गाव नमुना सात यात भोगवटादाराचे नाव असते, नमुना बारा यात पिकांची नोंद असते. जमीन किती, आकार किती, विहीर आहे की नाही, झाडे किती, या सर्वांस रकाने आहेत. परंतु त्या शेतावर पाठीला पोर बांधून खुरपणी कोणी केली, धनी परगावी असता पाण्याची पाळी कोणी सांभाळली, यास रकाना नाही. मग धनी निवर्तला की, गाव नमुना सहा-क, म्हणजे वारसांची नोंदवही उघडते, आणि ज्या बाईने चाळीस वर्षे ती जमीन कसली, तिचे नाव प्रथमच सरकारी कागदावर येते. तेही ‘मयताची पत्नी’ म्हणून. कित्येकदा भाऊबंद तेवढेही येऊ देत नाहीत. अशी प्रकरणे डोळ्यांखालून पुष्कळ गेली. त्यांत वाईट माणसे थोडी होती. ‘करू सावकाश’ म्हणणारी माणसेच पुष्कळ होती.

म्हणून तीन गोष्टी कळकळीने सांगावयाच्या आहेत. पहिली ही की, पत्नीचे श्रम आपल्या हयातीतच कागदावर मान्य करावे. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय आहे. अर्ज देऊन फेरफार करून घ्यावा. त्यास मुहूर्ताची जरूर नाही. दुसरी गोष्ट मुलींविषयी. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. हक्कसोडपत्रावर तिची सही घेण्याची घाई न करिता, तिला काय हवे ते आधी विचारावे. डॉ. बोरलॉग यांचे काम पुढे नेणारी त्यांची कन्याच होती, हे ध्यानात असावे.

तिसरी गोष्ट घरातील वृद्धांसाठी. हातपाय थकले म्हणजे आपला उपयोग संपला, असे त्यांना वाटू लागते. तसे नाही. नेल्स बोरलॉग यांनी संशोधन केले नाही, परदेश पाहिला नाही, भाषण केले नाही. त्यांनी एका मुलास पुस्तकाकडे वळविले आणि त्याच्या जागी शेतावर एक हात कमी झाला, तो सोसला. असे आजोबा आपल्या प्रत्येक वाडीवस्तीवर होऊ शकतात. नातवंडाची शाळा सुटू लागली, पोरीचे लग्न लवकर उरकण्याची भाषा सुरू झाली, तर घरात ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार वडील माणसाचा असतो, आणि तो अधिकार वापरावयाची वेळ हीच असते.

गव्हाच्या पेरणीचे दिवस येतील, तेव्हा आपण बी पाखडू, निवडू, त्याची उगवण तपासू. बी चांगले असले तरी ते जमिनीत धरून ठेवणारी ओल असावी लागते. डॉ. बोरलॉग यांच्या घरात ती ओल मार्गारेटबाईंची होती, आणि त्यांच्याही आधी आयोवातील त्या म्हाताऱ्याची होती. आपल्या घरात ती कोणाची आहे, याचा शोध प्रत्येक वाचकाने घ्यावा आणि ते माणूस हयात आहे तोवरच त्याच्याशी दोन गोड शब्द बोलावे, एवढीच प्रार्थना.